राळ होती म्हणून तेल लावलं

लाकूड आपल्याला कळतं, असं मी आयुष्यभर छाती ठोकून सांगत आलो. अजूनही सांगतो, पण बायको आसपास नाही ना, हे आधी बघून घेतो. ती ऐकत असली तर एवढंच विचारते, "फिडलचं लाकूड कळलं तसंच ना?" मग मी उगाच विडी शोधायला लागतो.

आता सांगतोच सगळं. फजिती गावभर झालेलीच आहे, लपवू कोणापासून?

आमचं गाव उत्तनच्या अंगाचं, समुद्राला खेटून. मी होडीचा तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, हे तांडेलाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायचं. माणसाला ही सवय वाईट. त्याला वाटायला लागतं, जमिनीवरही आपलंच चालतं. आमच्या घरात मी, बायको आणि एकुलती एक मुलगी, अकरा-बारा वर्षांची. दोघींपैकी एकही माझं ऐकत नसे. ही मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. तेव्हा गावात विजेचा दिवा नव्हता, रेडिओ नव्हता, गाणं ऐकायचं तर देवळात जायचं. देऊळ म्हणजे आमचं चर्च. आम्ही त्याला देऊळच म्हणतो.

देवळाच्या गाण्याचे एक म्हातारे मास्तर होते. ते दरवर्षी पोरं पारखून गाणाऱ्यांत घ्यायचे. आमची मुलगी गेली तेव्हा मीही सोबत गेलो, कारण माझ्या मते तिचा आवाज फार चांगला होता. दोन वाड्यांपलीकडून हाक मारली तरी ऐकू यायची. आईवर गेलेली. आई भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची, तिथे बारीक आवाजाच्या बाईची पाटी संध्याकाळपर्यंत उतरत नाही. मुलीने एक ओळ गायली आणि मास्तरांनी हात वर केला.

"पुरे. घसा नाही," ते म्हणाले. "पण कान आहे."

मला राग आला. "कान तर आमच्या बोक्याला पण हायत," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, काहीतरी वाजवलं. मुलीने ते तोंडाने जसंच्या तसं काढलं, भसाड्या आवाजात, पण म्हणे अचूक. मास्तर आत गेले आणि कपाटातून एक काळी लांबट पेटी घेऊन आले. त्यात देवळाचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, होतं.

देवळाचं फिडल एकच. त्याची गावात एक रीत होती. सणाच्या मिस्सेला, म्हणजे देवळाच्या वार्षिक सणाच्या प्रार्थनेला, जो ते वाजवील, त्याच्या घरी ते पुढच्या सणापर्यंत राहायचं. मागली दोन वर्षं ते शेजारच्या तारोडीच्या एका पोराकडे होतं. त्या पोराचा बाप तांडेल, माझ्या बरोबरीचा, आणि पाण्यात जाळं माझ्या जाळ्याला आडवं घालायची त्याला खोड. पोरगा मात्र आळशी निघाला म्हणून मास्तरांनी ते काढून घेतलं होतं. आता ते आमच्या मुलीला दिलं, पण कच्चं. सणाला तिने नीट वाजवलं तर आमच्याकडे राहणार, नाही तर परत तारोडीला. तसं मास्तरांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवसापासून तो तारोडीवाला समुद्रात मला बघितलं की होडीतून ओरडायचा, "ए, नीट ठेव रे आमचं फिडल! माघारी पाठवायचं हाय!" मी काय ओरडायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण खरं सांगायचं तर पहिले काही महिने मलाच वाटायचं, न्या बाबांनो, आजच न्या. काय तो आवाज! पिळवटल्यासारखा एकच सूर निघायचा, मध्येच तुटायचा आणि परत तिथूनच सुरू व्हायचा. मी समुद्रावरून दमून आलो की दाराबाहेरूनच ऐकू यायचं आणि पाय आपोआप ताडीच्या झोपडीकडे वळायचे. शेजारीण एकदा काळजीने विचारायला आली, कोण आजारी आहे का.

तरी मी बाप. मदत करायला पाहिजे. मास्तर म्हणाले होते की हिचा ताल कच्चा आहे. ताल म्हटल्यावर मी पुढे सरसावलो, कारण जाळं ओढताना ताल मीच देतो. मी तिच्यासमोर बसून मांडीवर थाप मारत ओरडायचो, "हेऽऽ ओढ! हेऽऽ सोड!"

तिने दोनदा सहन केलं. तिसऱ्यांदा गज खाली घेतला. गज म्हणजे फिडलवर ओढायची ती केसांची काठी. "बाबा," ती म्हणाली, "याच्यात मासळी येणार न्हाय."

शेवटी बायकोने तिला घराबाहेर काढलं, वलांडीपाशी. बोंबील वाळवायला बांबू आणि दोरांची लांबच लांब वलांडी उभी करतात. त्यावर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगायचे, आणि मग दिवसभर कावळे हाकत बसायचं. हे हाकणं फार कंटाळवाणं काम. बायको म्हणाली, वाजवायचं तर तिथे वाजव, निदान राखण तरी होईल.

आणि झाली की राखण! मुलीने गज ओढला आणि वलांडीवरचे सगळे कावळे एकदम उडाले. नारळावर जाऊन बसले, तिथूनही उडाले. पुन्हा आले, पुन्हा गज, पुन्हा गायब. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. त्या क्षणापासून तिला संगीताची गोडी लागली. बोंबील टांगले रे टांगले की तिची हाक यायची, "ए पोरी, वाजवायला बस!" शेजारणीसुद्धा विचारायला लागल्या, थोडा वेळ आमच्या वलांडीकडे तोंड करून वाजवशील का म्हणून. मी ताडीच्या झोपडीत सांगायचो, आमची पोरगी फिडल वाजवते तेव्हा कावळ्याची हिंमत नाही. लोक हसायचे. मला वाटायचं कौतुकाने हसतात.

सणाआधीच्या महिन्यात मास्तर म्हणाले, आता माझ्याकडेच ये रोज, माझ्यासमोर वाजव. मग फिडल मास्तरांकडे राहू लागलं आणि बायको पुन्हा हातात काठी घेऊन कावळे हाकायला बसली. घरात शांतता झाली. काय वाजवते, कसं वाजवते, आम्हाला काहीच कळेना. विचारलं तर म्हणायची, "सणाला ऐक." एवढंच. पण ती जेवताना बोटं ताटाच्या कडेवर नाचवायची, झोपेतही नाचवायची. तिला ते फिडल किती हवं आहे, हे मला त्या बोटांवरून कळलं. मलाही मग ते हवंसं वाटायला लागलं. नुसतं तारोडीवाल्याच्या नाकावर टिच्चून नव्हे, खरंच.

शुक्रवारी मास्तरांनी तिला फिडल घरी दिलं. रविवारी सण. आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही, घरी शांतपणे एकदा-दोनदा वाजव, म्हणाले.

सणासाठी आमच्या होड्या वर ओढलेल्या होत्या. मी सकाळपासून माझ्या होडीला तेल चोपडत होतो. मुशी म्हणून मोठा मासा असतो, त्याच्या काळजाचं तेल. वास असा की नवखा माणूस उभा राहू शकत नाही, पण लाकूड ते पिऊन घेतं आणि वर्षभर पाण्याला दाद देत नाही. फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरायची, वरून तेल. राळ म्हणजे झाडाचा पिवळट, काचेसारखा डिंक. आमच्यात राळ आणि तेल ही जोडी तुटत नाही. नुसती राळ तडकते, नुसतं तेल वाहून जातं. हे मला माझ्या बापाने शिकवलं आणि त्याला त्याच्या बापाने.

दुपारी जेवायला घरी आलो तर दोघी देवळात फुलं बांधायला गेलेल्या. क्रुसाखालच्या टेबलावर काळी पेटी. मी तिला तोवर कधी हात लावला नव्हता. उघडली.

बिचारं लाकूड! जिथे हनुवटी टेकते तिथला रंग उडालेला, कडा कोरड्या ठणठणीत. आणि पेटीच्या कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. सोडून बघतो तर राळ! चांगला हातात मावेल एवढा खडा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे हीसुद्धा आपल्याच जातीची वस्तू! मग तेल कुठे? पेटी पालथी घातली, तेलाची बाटली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तर पडले जमिनीवरचे माणूस. राळ हवी एवढं त्यांना कोणीतरी सांगितलं, तेलाचं राहून गेलं. इतकी वर्षं हे लाकूड तहानलेलं आहे, म्हणून तर किंचाळतं!

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझ्याकडे बैल नव्हता.

करवंटीत मुशीचं तेल आणलं. स्वच्छ फडकं घेतलं, सणाचं काम म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं. पहिला हात दिला, लाकूड प्यायलं. दुसरा हात दिला. मग गज घेतला. गजाच्या केसांवर पांढरी भुकटी बसलेली. जाळ्यावर वाळलेलं मीठ बसतं तशी. मला वाईट वाटलं, पोरीला साधं धुवायचंही कोणी शिकवलं नाही. तेलाचं बोट लावून लावून मी ती सगळी भुकटी काढली, एकेक केस चकचकीत केला. राळेचा खडा कडक झाला होता तो तेलात भिजत घातला. आणि सगळं परत जागच्या जागी ठेवून शीळ घालत जेवायला बसलो.

मुलगी चार वाजता आली. मी दारातच बसलो होतो, तिचा आनंद बघायला. तिने पेटी उघडली, फिडल खांद्याला लावलं, गज ओढला.

आवाजच नाही. गज तारेवरून नुसता घसरला. तिने परत ओढला, जोर लावून. काही नाही, तोंडात गुळणी धरल्यासारखं फिडल गप्प. तिने गजाच्या केसांना बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तेल लावलंय," मी म्हटलं. "दोन हात." मी तेव्हाही हसत होतो हो.

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोललो असतो. तिने फिडल खाली ठेवलं, पेटीचं झाकण लावलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, तू आता याला हात लावू नको. कधीच."

मला फार लागलं. डोलकाठी डोक्यात बसली आहे, खलाशांनी आईबापावरून शिव्या दिल्या आहेत, पण असं कधी लागलं नव्हतं. तेवढ्यात बायको आत आली, तिने वास घेतला आणि पुढचं सगळं बोलणं तिनेच केलं. माझ्या बापापासून सुरुवात करून ती माझ्यापर्यंत आली तोवर घरात तीन मांजरं शिरली होती आणि पेटीवर बसली होती.

पेटी घेऊन मास्तरांकडे जायचं ठरलं. मी उचलायला गेलो तर मुलीने हात मध्ये घातला. ती पुढे पेटी घेऊन, तिच्यामागे चार पावलांवर मी, माझ्यामागे मांजरं, अशी आमची मिरवणूक सगळ्या गावातून निघाली. सणाची मिरवणूक रविवारी असते, पण त्या वर्षी लोकांना दोन मिळाल्या.

मास्तरांनी पेटी उघडली आणि खाली बसले. मग म्हणाले, "का?"

मी राळेचं आणि तेलाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "होडीला हे बरोबर आहे," ते म्हणाले. "इथे राळ लावतात ती केस खरखरीत व्हावा म्हणून. खरखरीत केस तारेला धरतो, तेव्हा आवाज निघतो. तू ते धरणंच काढून टाकलंस."

फिडलचं लाकूड वाचेल, म्हणाले. तांदळाचं पीठ चोळून तेल ओढून काढू, आवाज थोडा बसेल, वास राहील. पण गजाचे केस गेले. तेलात गेलेला केस परत येत नाही. नवे केस मुंबईहून आणायचे तर सण होऊन जाईल. मग ते मुलीकडे न बघता म्हणाले, "तारोडीच्या पोराचा स्वतःचा एक जुना गज आहे म्हणतात. त्यालाच सांगावं लागेल वाजवायला."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिची बोटं खिडकीच्या गजावर अजून नाचत होती, तिच्या नकळत.

"मास्तर," मी विचारलं, "हे केस कसले असतात?"

"घोड्याच्या शेपटीचे."

"मग घोडा तर भाईंदर स्टेशनला हाय!"

मास्तरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "घोडाच बघ," ते म्हणाले. "घोडी नको. घोडीच्या शेपटीवर मूत उडतं, केस कच्चा होतो."

शनिवारी उजाडताना मी निघालो. खांद्यावर टोपली, टोपलीत वाळलेले बोंबील आणि खारवलेली एक मोठी सुरमई. मिठागरांच्या कडेकडेने चालत भाईंदर गाठलं. स्टेशनाबाहेर दोन टांगे उभे होते. एका टांग्याचं जनावर पांढरं शुभ्र, शेपटी झुपकेदार, लांब. दुसऱ्याचं तपकिरी, रोडकं, शेपटी काळी. मी अर्थातच पांढऱ्याकडे गेलो. पण मास्तरांची अट लक्षात होती म्हणून टोपली खाली ठेवली आणि वाकून पोटाखाली बघायला लागलो.

"ओ चाचा, क्या देखता है?" टांगेवाला वरून ओरडला.

"घोडा है के घोडी है?"

"घोडी है. तेरे को शादी करने का है क्या?"

सगळा टांगा-अड्डा हसला. मी मुकाट्याने तपकिरीकडे गेलो. हा घोडा होता, ते लांबूनच दिसत होतं, पण आता मी वाकून खात्री केल्याशिवाय राहणार नव्हतो. त्याने पाय झाडला. थोडक्यात वाचलो.

त्याच्या टांगेवाल्याला मी शेपटीचे केस मागितले. तो दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं मी करणी करणारा आहे, घोड्याचे केस नेऊन कोणाच्या उंबऱ्याखाली पुरणार. माझ्या अंगाला मुशीच्या तेलाचा वास येत होता, त्यामुळे मी दिसतही तसाच असेन. मी माझ्या हिंदीत समजावलं, मेरा पोरी बाजा बजाता है, मैंने बाजा को तेल लगाया, बाजा मर गया. त्याला काही कळेना. शेवटी मी भर रस्त्यात डाव्या हातावर हनुवटी टेकली, उजव्या हाताने हवेत गज ओढला आणि तोंडाने तो आवाज काढला. आमच्या मुलीचा सुरुवातीचा, पिळवटलेला. तो मला पक्का पाठ होता.

घोडा दचकला. टांगेवाला मात्र हसत सुटला. "लडकी ऐसा बजाती है?" त्याने विचारलं. "फिर तो तेल लगाया, अच्छा किया."

मी हसलो नाही. मी म्हटलं, "नही. अब अच्छा बजाती है." तिने अलीकडे कसं वाजवलं होतं, ते मी ऐकलंही नव्हतं.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कात्री काढली. सुरमई घेतली, बोंबील परत दिले, म्हणाला बोंबलाचा वास घोड्याला चालत नाही.

मास्तरांकडे पोचलो तेव्हा मुलगी तिथेच होती, फिडलवरचं पीठ पुसत. माझ्याशी बोलली नाही. मास्तरांनी केस धुतले, सुकवले, विंचरले, सारखे केले. आता जुडग्याचं टोक बारीक दोऱ्याने घट्ट बांधायचं होतं, वर राळेचा थेंब वितळवून बसवायचा आणि मग गजाच्या खाचेत लाकडी पाचर ठोकायची. मी दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभा होतो. मास्तरांचे हात म्हातारे, थरथरणारे. एकदा गाठ मारली, सुटली. दुसऱ्यांदा मारली, केस निसटून मांडीवर पसरले. पुन्हा विंचरले. पुन्हा सुटली.

आणि मी, ज्याने सारा जन्म जाळ्याच्या गाठी मारल्या, भिजल्या दोऱ्याच्या, डोळे मिटून, तो मी भिंतीला टेकून ओठ चावत उभा. बोलायची सोय नव्हती.

मास्तरांनी जुडगा माझ्यासमोर धरला. मी हात पुढे केला नाही. मी मुलीकडे बघितलं. ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.

"हात धू," ती म्हणाली. "साबणाने. दोनदा."

मी तीनदा धुतले.

"बांध. पण तेवढंच कर हं, बाबा."

मी बांधली. तेवढंच केलं. राळेचा खडा मी तेलात भिजवून वाया घालवला होता, म्हणून होडीसाठी आणलेल्या राळेतला स्वच्छ तुकडा धावत जाऊन आणला आणि दारातूनच मास्तरांच्या हातात दिला. पाचर बसली. मुलीने राळ घासली, परत घासली, गज तारेवर ठेवला आणि एकच लांब सूर काढला. खोल, थोडासा घोगरा. मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. मी बाहेर जाऊन विडी पेटवली, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

रविवारी देऊळ भरलेलं. तारोडीवाला पुढच्या बाकावर मुद्दाम माझ्या रांगेत. मिस्सेच्या मध्यावर गाणाऱ्यांच्या माळ्यावरून फिडल सुरू झालं. पांढऱ्या झग्यात आमची मुलगी, हातात काळ्या केसांचा गज. काळ्या केसांचा गज गावात कोणी पाहिला नव्हता, सगळ्या माना वर वळल्या. तेवढ्यात एक मांजर दारातून आत आलं, रांगेच्या मधून शेपटी वर करून चालत गेलं आणि माळ्याच्या जिन्यापाशी वर बघत बसलं. पोरं हसायला लागली. फादरांनी घसा खाकरला. मुलीने वाजवणं थांबवलं नाही.

लोक नंतर म्हणाले फार छान वाजवलं. बायका रडल्या म्हणे. तारोडीवालासुद्धा बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मास्तरांनी काळी पेटी सगळ्यांसमोर मुलीच्या हातात दिली आणि "पुढच्या सणापर्यंत" म्हणाले. घरी येताना मुलगी माझ्या शेजारून चालत होती. तिने पेटी माझ्या हातात दिली.

"आवडलं तुला?" तिने विचारलं.

आता काय सांगू? मी खोटं बोलणार होतो, पण पेटी हातात होती. "पोरी, मी ऐकलंच न्हाय," मी म्हटलं. "मी सगळा वेळ ती गाठ बघत होतो. सुटते का म्हणून."

ती रस्त्यात उभी राहून इतकी हसली की बायको मागे वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वलांडीवर बोंबील टांगलेले होते. बायको आत भाकऱ्या भाजत होती. मी खाली वाळूवर जाळं सांधत बसलो होतो. मुलगी फिडल घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता गाठ बघू नको. ऐक."

तिने सणाचंच वाजवलं. मी सुई खाली ठेवली. मला सुरांतलं काही कळत नाही, आजही कळत नाही. बरं वाटत होतं, पण हे खरोखर चांगलं आहे की पोटची पोर म्हणून मला तसं वाटतंय, ते मला ठरवता येईना. कोणाला विचारणार?

मग वलांडीवर एक कावळा येऊन बसला. मला वाटलं आता उडेल. उडाला नाही. दुसरा आला, तिसरा आला. मुलीने गज खालून वर ओढला, जोरात, पूर्वी याच सुराला सगळे पार खाडीपलीकडे जायचे. एकही हलला नाही. मान वाकडी करून बसले आणि सावकाश बोंबील सोलायला लागले.

आतून बायको ओरडली, "अवो, कावळे आले! बसलात काय? उठा!"

"आले गं," मी म्हटलं, "आले," आणि मुलीचं वाजवून होईपर्यंत जागचा उठलो नाही.